पीटरहॉफ : एका वास्तूचा इतिहास आणि आमचा रौप्यमहोत्सव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, असा संपादक मंडळींचा निरोप आला तेव्हा प्रथम मी टाळाटाळच केली. बी. ए. ला इतिहास हा विषय घेतला होता, एवढीच या क्षेत्रातील माझी पुंजी. त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली वाचण्यात गेली. शिवाय उत्तरेत राहणाऱ्या मराठी माणसाने इतिहासावर लिहावयाचे म्हणजे पानिपतावर लिहावयाचे, असा जणू अलिखित नियमच आहे. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना रॉक गार्डन दाखवतो, सिमल्याला नेतो आणि परतीच्या वाटेवर पानिपतचा काला आंब दाखवून जड मनाने त्यांची रवानगी करतो. पानिपतावर माझ्याहून अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. मी लिहिणार आहे ते सिमल्यातील एका हॉटेलाविषयी. हॉटेल हा इतिहासाचा विषय कसा, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. कन्या नोकरीनिमित्त बंगळूरला असते. तिने तेथूनच परस्पर सिमल्याच्या पीटरहॉफ हॉटेलात दोन रात्रींसाठी खोली राखून ठेवली आणि "बाबा, व्हाइसरॉय राहायचे तिथं दोन दिवस राहून या, नाही म्हणू नका," असे फोनवरून बजावले. मी नाही म्हणालो नाही. मात्र त्या हॉटेलाचे नाव ऐकताच माझ्या मनात जे आले ते मी सौ. ला सांगितले नाही, आणि ते न सांगण्याचे कारण पुढे यावयाचे आहे.

लग्नाचा वाढदिवस हा प्रकार आपल्याकडे तसा अलीकडचाच म्हटला पाहिजे. माझ्या वडिलांना त्यांच्या लग्नाची तारीख विचारली असता ते तिथी सांगत, आणि तीही आईकडे न पाहता. साठावे वर्ष पुरे झाले की षष्ट्यब्दिपूर्तीची शांत करावी आणि त्या निमित्ताने पुन्हा एकदा जोडीने पाटावर बसावे, एवढाच काय तो सार्वजनिक सोहळा. ज्या समाजात पत्नीने पतीचे नाव घ्यावयाचे तर उखाण्याच्या आडोशाने घ्यावयाचे, तेथे दरवर्षी लग्नाचा दिवस साजरा करण्याची कल्पना रुजणे कठीणच होते. पंचविसाव्या वर्षी चांदी आणि पन्नासाव्या वर्षी सोने ही रीत जर्मन लोकांची. तेथून ती इंग्लंडात गेली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा 'ज्युबिली' हा शब्द इकडे सर्वतोमुखी झाला. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही त्याच वर्षाची. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव हे आपले भारदस्त शब्द संस्कृत वळणाचे असले तरी त्यांच्यामागची कल्पना साहेबाची आहे. आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव साजरा करताना हे मुद्दाम सांगितले, याबद्दल कार्यकारिणीने राग मानू नये!

हल्ली या सोहळ्यासाठी जुन्या धाटणीच्या हॉटेलात जाण्याची टूम निघाली आहे. उतरती छपरे, लाकडी तावदाने, गुळगुळीत जिने, भिंतीवर कोणा अनोळखी साहेबाची तसबीर, हे सारे दोन दिवस आपले म्हणून मिरवावयाचे. चंदीगडकरांना या गोष्टीची ओढ इतरांपेक्षा अधिक असावी, असे मला वाटते. आपले शहर १९५० नंतरचे. येथे आजोबांचा वाडा नाही, पडका वेस नाही, गावाबाहेरचे जुने देऊळ नाही. सारे चौकोन आखीव, सारी घरे एका पिढीची. त्यामुळे जुन्याची तहान भागवावयाची तर कालक्याहून वर चढावे लागते.

गंमत अशी की, ज्या पीटरहॉफमध्ये आम्ही व्हाइसरॉयांचे निवासस्थान म्हणून गेलो, ती इमारत जुनी नव्हेच. मूळ पीटरहॉफ १९८१ साली जळून गेले. आजची वास्तू त्याच जागी, जुन्या वळणावर नव्याने उभारली गेली आणि १९९१ मध्ये हिमाचल प्रदेश पर्यटन विकास महामंडळाचे हॉटेल म्हणून सुरू झाली. म्हणजे ती आपल्या मंडळाहून वयाने लहान आणि आमच्या संसाराहून जेमतेम सात वर्षांनी मोठी.

मूळ घराची हकीकत अशी आहे. १८६२ मध्ये लॉर्ड एल्गिन हा व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात आला आणि पुढच्या वर्षी सिमल्याला आला असता पीटरहॉफमध्ये उतरला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात धरमशाळेस त्याचे निधन झाले. त्याच्या मागून आलेल्या जॉन लॉरेन्सने १८६४ पासून सिमल्याला उन्हाळी राजधानीचा दर्जा दिला आणि तेव्हापासून दरवर्षी कलकत्त्याचे सारे सरकार आपल्या फायलींसह हजार मैल तुडवीत या डोंगरावर येऊ लागले. सरकारी बदलीची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनाही ही वार्षिक बदली ऐकून घाम फुटावा. लॉरेन्सनंतर मेयो, नॉर्थब्रुक, लिटन, रिपन आणि डफरिन हे पीटरहॉफमध्ये राहिले. एल्गिन धरून सात व्हाइसरॉय झाले. अफगाण युद्धाच्या मसलती येथेच शिजल्या आणि लिटनच्या व रिपनच्या परस्परविरोधी धोरणांची टिपणेही याच छपराखाली लिहिली गेली.

राज्य एवढे मोठे आणि घर मात्र लहान, अशी या वास्तूची तऱ्हा होती. आलेल्या प्रत्येक लाटसाहेबाने जागेच्या अडचणीविषयी कुरकुर केली. लेडी डफरिनने आपल्या दैनंदिनीत तेथील दाटीवाटीचे वर्णन करून ठेवले आहे. अखेर पलीकडच्या टेकडीवर हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली नवा प्रासाद बांधला गेला आणि १८८८ च्या जुलै महिन्यात डफरिन दांपत्य तेथे राहावयास गेले. आज त्या प्रासादात भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. सुमारे पंचवीस वर्षे पीटरहॉफने व्हाइसरॉयांचा संसार पाहिला. या दृष्टीने पाहता रौप्यमहोत्सवासाठी कन्येने केलेली निवड नकळत अचूक ठरली.

याच काळात आपला एक माणूस सिमल्यास येऊन गेला आहे. १८८६ मध्ये सरकारी खर्चाची छाननी करण्यासाठी जी अर्थसमिती नेमली गेली, तिचे महादेव गोविंद रानडे हे एक सभासद होते आणि त्या कामानिमित्त त्यांना इकडे यावे लागले. त्या वर्षी पीटरहॉफमध्ये डफरिनचा मुक्काम होता. कालक्यापर्यंतही तेव्हा आगगाडी झाली नव्हती. अंबाल्यास उतरून टांग्याने डोंगर चढावा लागे. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे त्या उभयतांचा संसार आपल्याला घरच्यासारखा परिचित आहे. सरकारी खर्चात काटकसर सुचविणारा मराठी अधिकारी म्हणून रानड्यांविषयी मला खात्याच्या नात्याने विशेष जिव्हाळा वाटतो. त्यांच्या शिफारशींचे पुढे जे झाले, ते आमच्या शिफारशींचेही होते.

आम्ही मात्र कालक्याहून छोट्या गाडीने गेलो. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरांचा लोहमार्ग शंभरावर बोगद्यांतून जातो. त्यांतील बडोगचा बोगदा सर्वांत लांब, ११४३ मीटरांचा. तो संपेपर्यंत सौ. ने डब्यातली साबुदाण्याची खिचडी काढून ठेवली होती. समोरच्या बाकावरच्या पंजाबी कुटुंबालाही ती आवडली.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. पीटरहॉफचा व्हाइसरॉयांशी असलेला संबंध सर्वांना ठाऊक असतो. चंदीगडशी असलेला संबंध फार थोड्यांना ठाऊक आहे. फाळणीमुळे पंजाबची राजधानी लाहोर तिकडे गेली आणि लाहोरचे उच्च न्यायालयही तिकडेच राहिले. १५ ऑगस्ट १९४७ पासून पूर्व पंजाबसाठी नवे उच्च न्यायालय स्थापन झाले, पण त्याला बसावयास जागा नव्हती. ती जागा म्हणजे पीटरहॉफ. निर्वासितांप्रमाणे हे न्यायालयही मिळेल त्या छपराखाली बसले आणि तब्बल सात वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले. जानेवारी १९५५ मध्ये ते चंदीगडला आले आणि मार्च महिन्यात पंडित नेहरूंच्या हस्ते त्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. सेक्टर एकमधील ल कॉर्ब्युझिएची ती भव्य इमारत आपण रोज पाहतो. तिच्या रंगीत खांबांचे कौतुक करताना तिच्यातले न्यायालय मूळचे पीटरहॉफचे, हे लक्षात ठेवावयास हवे. चंदीगडला जुने काही नाही, असे वर म्हटले खरे. पण ते न्यायालय या शहराहून जुने आहे.

आणि याच न्यायालयापुढे, याच पीटरहॉफमध्ये, १९४९ च्या मे व जून महिन्यांत महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्यातील अपिलाची सुनावणी झाली.

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला होता. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना फाशी, अन्य पाच जणांना जन्मठेप आणि विनायक दामोदर सावरकर यांची निर्दोष मुक्तता, असा तो निकाल होता. शिक्षा झालेल्या सातही जणांनी अपील केले. गोडसेने खुनाबद्दलच्या शिक्षेविरुद्ध काही म्हटले नव्हते. कट नव्हता, एवढाच त्याचा मुद्दा होता आणि तो त्याने वकील न घेता स्वतः मांडला. न्यायमूर्ती भंडारी, न्यायमूर्ती अछरू राम आणि न्यायमूर्ती गोपालदास खोसला यांच्या पीठापुढे २ मे रोजी सुनावणीस आरंभ झाला आणि २१ जून रोजी निकाल दिला गेला. फाशीच्या दोन्ही शिक्षा कायम झाल्या. डॉ. दत्तात्रय परचुरे व शंकर किस्तय्या हे दोघे सुटले. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशीची अंमलबजावणी झाली. मुंबईच्या गाडीने गावी जाताना आपल्याला अंबाला लागते. तेथे चहा घेताना हे कोणाच्या मनात येत नाही, आणि येऊ नये हेच बरे.

खोसला यांनी 'द मर्डर ऑफ द महात्मा' या पुस्तकात या सुनावणीचा वृत्तांत दिला आहे. आमच्या खात्याच्या ग्रंथालयात तो पूर्वीच माझ्या हाती लागला होता. त्यातील एक तपशील माझ्या ध्यानात पक्का बसला. या अपिलासाठी न्यायमूर्तींनी जुना रिवाज पुन्हा चालू केला : डोक्यावर केसांचे टोप चढविले आणि न्यायासनाकडे जाताना त्यांच्यापुढे चांदीने मढविलेल्या काठ्या घेतलेले, गणवेषातले चोपदार चालू लागले. दोन वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाचे न्यायालय, तेही उसन्या घरात बसलेले, आपल्या हातून काही गंभीर घडत आहे हे दाखविण्यासाठी गेलेल्या साहेबाचा थाट अंगावर घेते, हे मला प्रथम विचित्र वाटले. पुढे वाटले, की लाहोर गेले, ग्रंथालय गेले, घरे गेली, अशा माणसांजवळ त्या दिवशी तेवढाच एक थाट उरला असेल.

या प्रकरणात शंकर किस्तय्याची हकीकत मला सर्वांत अधिक चटका लावून जाते. तो दिगंबर बडगे याचा नोकर. बडगे पुण्याचा, शस्त्रांचा व्यापार करणारा. तो माफीचा साक्षीदार होऊन सुटला. मालक साक्षीदार झाला आणि नोकर आरोपी राहिला! शंकरची भाषा तेलुगू. लाल किल्ल्यातील कामकाज त्याला कळावे म्हणून दुभाषी लागत असे. मालकाने सांगितले ते त्याने केले, त्यामागचा हेतू त्याला ठाऊक असल्याचे सिद्ध होत नाही, असे पीटरहॉफमध्ये ठरले आणि जन्मठेपेतून तो मुक्त झाला. चोपदारांच्या आणि टोपांच्या त्या दरबारात एका गरीब नोकराची बाजू ऐकून घेतली गेली, हे त्या न्यायालयाचे मोठेपण होय. पुढे भंडारी व खोसला हे दोघेही याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. न्यायालय चंदीगडला आले तेव्हा भंडारी त्या पदावर होते.

गांधीजींच्या खुनाचे आडवळणाने समर्थन करणारी माणसे आपल्यातही अधूनमधून भेटतात. माझे त्यांच्याशी कधी जमले नाही. प्रार्थनेला निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वृद्धावर गोळ्या झाडणे याला मराठीत एकच शब्द आहे. पण त्या गोळ्यांनंतर महाराष्ट्रात जे झाले त्याविषयीही आपण मोकळेपणाने बोलत नाही. खुनी ब्राह्मण होता, एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत निरपराध कुटुंबांची घरे पेटविली गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' मध्ये ते दिवस लिहून ठेवले. त्यांच्यासारखे थोडे लेखक सोडले, तर बहुतेकांनी मौनच पाळले. सरकारदप्तरी 'जळीतग्रस्त' असा एक नवा शब्द आला, कर्जे मंजूर झाली, हप्ते ठरले. ज्यांची घरे गेली ती माणसे पुण्या-मुंबईस आली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाहीत.

माझी सासुरवाडी त्यांतलीच. कृष्णाकाठी सासऱ्यांचा वाडा होता आणि तो फेब्रुवारी १९४८ मध्ये जळाला, एवढे मला लग्नाआधीपासून ठाऊक होते. सासरे तेव्हा आठ वर्षांचे होते. वाड्याचे जोते शिल्लक आहे, ते एकदा दुरून पाहिलेही होते. शेतजमीन नंतर कूळकायद्यात गेली. सासरे याविषयी अवाक्षर काढीत नसत. मीही विचारले नाही. ते २०११ मध्ये वारले. म्हणूनच कन्येने पीटरहॉफचे नाव घेतले तेव्हा मला प्रथम व्हाइसरॉय आठवला नाही. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी सौ. ला त्या जागेचा तो इतिहास सांगावा की न सांगावा, हा प्रश्न गाडीतल्या शंभर बोगद्यांत माझ्याबरोबर होता. न सांगण्याचे मी ठरविले.

पहिला दिवस छान गेला. चौडा मैदानावरून चालत आम्ही पलीकडच्या टेकडीवरचा डफरिनचा प्रासाद पाहून आलो. संध्याकाळी हॉटेलसमोरच्या हिरवळीवर बसलो. देवदारांच्या मागे ऊन उतरत होते, गारवा वाढू लागला होता. सौ. ने लग्नातला शालू नाही, पण त्याच रंगाची साडी नेसली होती. हे माझ्या लक्षात यावयास थोडा वेळ लागला, याची नोंद तिने घेतली. मग तिने सहज विचारले,

"अहो, व्हाइसरॉय गेल्यावर इथं कोण राहत होतं?"

"बरेच जण. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं हायकोर्ट होतं. आपलं चंदीगडचंच."

"आणि मग?"

"हिमाचल राज्य झाल्यावर राज्यपाल राहत होते. १९८१ च्या जानेवारीत आग लागली. सगळं जळालं. हे जे आहे ते नंतरचं."

ती थोडा वेळ इमारतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हायकोर्टाचं तुम्ही एवढं घाईनं का सांगितलंत?"

पंचवीस वर्षांच्या सहवासात माणसाला फार काही लपविता येत नाही. मी सांगून टाकले. सांगताना उगाच तारखाही सांगितल्या. अवघड बोलावयाचे असले की मी तारखांचा आधार घेतो. मे महिन्यातच हे अपील चालले होते, हेही सांगितले. माझे संपले तरी ती काही बोलली नाही. मला वाटले, आपण दिवसाचा विचका केला.

मग ती म्हणाली, "आपल्या लग्नात पहिल्या रांगेत एक म्हातारे फेटा बांधून बसले होते. आठवतात तुम्हाला?"

मला अंधूक आठवत होते. पुण्याच्या कार्यालयात, मे महिन्याच्या उकाड्यात, भगवा फेटा आणि बंडी घातलेले एक उंच वृद्ध गृहस्थ. सासऱ्यांनी कोणालाही न विचारता त्यांना विहिणींच्याही पुढच्या खुर्चीवर बसविले होते. त्यावरून आमच्या बाजूच्या एका वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले होते, हेही आठवले. मला ते गावाकडचे कोणी जुने कूळ असावेत, असे वाटले होते.

"ते तात्या," ती म्हणाली. "वाडा पेटला त्या रात्री त्यांनी आजीला आणि दादांना आपल्या गोठ्यात लपवलं. दोन रात्री. दारात लोक आले तेव्हा त्यांचे वडील कोयता घेऊन उंबऱ्यावर बसले होते, आणि तात्या आत दादांच्या तोंडावर हात धरून. ते तेव्हा वीस-बावीस वर्षांचे. तिसऱ्या दिवशी बैलगाडीत कडब्याखाली घालून स्टेशनावर सोडलं. आमच्याकडे कोणाचंही लग्न असो, पहिली अक्षत त्यांच्या घरी जायची. आत्याच्या लग्नात, काकांच्या, माझ्या."

"मला कधी बोलली नाहीस."

"दादांनी सांगितलं होतं, सासरी यातलं काही काढायचं नाही. लोक जळीत ऐकतात आणि तात्या विसरतात, असं म्हणायचे."

ज्याने इतिहास घेऊन पदवी मिळविली, पुस्तकातून न्यायमूर्तींच्या चोपदारांपर्यंतचा तपशील लक्षात ठेवला, त्याला स्वतःच्या लग्नाच्या पहिल्या रांगेतला माणूस पंचवीस वर्षे ठाऊक नव्हता. मी तिला त्यांचे पुढचे विचारले. तात्या २००४ मध्ये गेले. दादा तेव्हा आजारी असूनही गावी गेले होते. आम्हाला त्या वेळी, कोणी दूरचे वारले आहेत, एवढेच कळविण्यात आले होते. मी तेव्हा नागपूरला बदलीवर होतो आणि 'तू गेली नाहीस तरी चालेल' असे सौ. ला म्हणालो होतो. ती गेली नव्हती. हे तिने त्या संध्याकाळी मला बोलून दाखविले नाही. माझे मलाच आठवले.

जेवणघरात गेल्यावर तेथील मंडळींनी केक आणला. आम्ही तो कापला, शेजारच्या टेबलावरच्या मुलांना दिला. सौ. ने भिंतीवरच्या लाकडी नक्षीवर हात फिरवून पाहिला.

"चांगलं बांधलंय परत," ती म्हणाली. "आमच्या माजघराला असलंच लाकूड होतं, असं आजी सांगायची. सागाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारले, की कोर्ट नेमके कोणत्या बाजूस बसत असेल. जुने घरच उरलेले नसल्यामुळे ते आता दाखविता येण्यासारखे नव्हते. तरी आम्ही हिरवळीवरून एक फेरी मारली. ती मध्येच थांबली आणि शंकर किस्तय्याविषयी तिने पुन्हा विचारले. रात्री मी सांगितलेल्या सगळ्या नावांत तेवढेच तिच्या लक्षात राहिले होते. तो सुटल्यावर कोठे गेला, हे तिला हवे होते. ते माझ्या वाचनात आलेले नाही, असे मी म्हणालो.

चंदीगडला परतल्यावर माळ्यावरून लग्नाचा अल्बम काढला. त्या काळचे फोटो. रंग थोडे लालसर झालेले. सप्तपदीच्या एका फोटोत, व्हिडिओवाल्याच्या दिव्याच्या तारेमागे, पहिल्या रांगेत फेटा स्पष्ट दिसतो. तात्या आमच्याकडे पाहत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या सासऱ्यांशी काही बोलत आहेत आणि सासरे खाली वाकून ऐकत आहेत. सेक्टर २२ मधल्या फोटोवाल्याकडून त्याची मोठी प्रत काढून घेतली आणि नोंदणीकृत टपालाने तात्यांच्या मुलाकडे पाठविली. पत्ता विचारावा लागला नाही, सौ. ला तो पिन कोडासह पाठ होता.